बंदच्या दिवशी भाजलेला मोर

ईशान आणि मीरा, ही गोष्ट मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि आत्ताच लिहायला बसले त्याला कारण तुमच्या घरातलं एक स्टीलचं पातेलं आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने ते माझ्यासमोर धरलं. रिकामंच गॅसवर राहिलं होतं म्हणे. बुडाशी पिवळे, जांभळे, निळे पट्टे उठले होते. "आजी, हे खराब झालं का? मम्मा म्हणते टाकून देऊ." मी म्हटलं, मुळीच टाकू नका, त्यावर एक फार पातळ थर चढलाय, एवढंच. पुढे काही सांगणार तोच कॉल तुटला, आणि मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. कारण अशाच रंगांवर एकदा माझं पुढचं सगळं ठरलं होतं, आणि हे मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितलेलं नाही. माझं शास्त्राचं शिक्षण सगळं इंग्रजीतून झालं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं, आणि तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. पण या गोष्टीतलं एकही माणूस इंग्रजी बोलत नव्हतं. त्यांचं बोलणं काढून घेतलं तर गोष्टीत भांडी तेवढी उरतील. अडलात तर आईला विचारा. मी क्रमाने सांगते.

माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं, बाजाराच्या मागच्या आळीतलं. आम्ही कांसार. तांब्यापितळेची भांडी, समया, देवळातल्या घंटा आणि प्रभावळी हे आमचं काम. घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे बाबांचं कामाचं ठिकाण होतं, आणि मागच्या अर्ध्या भागात आम्ही राहत होतो. मधे फक्त एक दार, तेही कधी लावलेलं मला आठवत नाही. त्यामुळे हातोडीचा आवाज हा आमच्या घरात घड्याळासारखा होता. पातळ पत्र्यावर पडला की टिणटिण, जाड घागरीवर पडला की घुमघुम, आणि आवाज थांबला की आई न विचारता चहा ठेवायची. बाहेरच्या रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, सुर्ल्याच्या खाणींकडून भरून यायचे आणि नदीकडे रिकामे व्हायला जायचे. त्यांच्या धुळीने आमची कौलं, अंगणातली तुळस, वाळत घातलेले कपडे, सगळं तांबूस दिसायचं. शाळेत मला लाल धूळ म्हणजे धूळ एवढंच माहीत होतं. ती धूळ म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं लग्न आहे, आपण सगळे त्या ऑक्साइडमध्ये बसून जेवतो आहोत, हे पुढे कॉलेजात कळलं तेव्हा मी घरी येऊन आईला इतक्या उत्साहाने सांगितलं, की ती म्हणाली, "लग्न लागलं असेल तर लागू दे, पण पाटावरची धूळ तेवढी पूस."

आमच्या धंद्याला आणखी एक वास होता, आंबट. मागच्या अंगणात बिंबलांचं झाड होतं. बिंबल म्हणजे बोटभर लांब, हिरवं, रसाळ आणि इतकं आंबट फळ की नुसतं आठवलं तरी आत्ता माझे दात शिवशिवताहेत. ती ठेचून, त्यात मीठ घालून, त्यानेच सगळी भांडी घासली जायची. तांबं ठोकताना कडक होतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावं लागतं. तापवलं की काळं पडतं. काळं पडलं की आंबटात जातं आणि गुलाबी होऊन बाहेर येतं. हे आंबटाचं खातं माझ्या आत्याकडे होतं. सुंदरीआते बाबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आवाजाने खणखणीत आणि मनगटाने बाबांपेक्षा घट्ट. तिचा एक नियम होता, आणि तो आजोबांच्याही आधीपासूनचा होता. घासल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. गिऱ्हाईक घाईत असो, ट्रक दारात उभा असो, शेवटचा हात आंबटाचा. "काळें भांडें दिलें तर कांसाराचें नांव काळें," ती म्हणायची. घरात आम्ही कोंकणीच बोलत होतो, वाचायचो आणि लिहायचो मात्र मराठी. बाबांचं आणि आईचं बोलणं मी इथे तुमच्यासाठी मराठीकडे वळवून घेतलंय. आतेच्या आणि पेद्रूच्या बोलण्याला, आणि बाबा पेद्रूशी जे बोलले त्याला, मात्र हात लावलेला नाही.

पेद्रू म्हणजे समोरचा पोदेर, पाववाला. आळीच्या त्या बाजूला त्याची मोठी भट्टी होती. तो तिला फोर्न म्हणायचा. आत माती आणि विटांचा घुमट, लाकडं पेटवून तो तापवायचा, मग निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्याने तळ पुसायचा, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत सारायचे. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. सकाळी त्याचे गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि आईची हळसांद्यांची, चवळीसारख्या दाण्यांची, पातळभाजी हा आमचा नाश्ता. बाबा आणि पेद्रू लहानपणचे मित्र, आणि त्या वर्षी दोघांचं रोज भांडण. त्या दिवसांत सगळ्या गोव्यात तेच चाललं होतं. राजभाषा कोणती, कोंकणी की मराठी. भिंती घोषणांनी रंगल्या होत्या, बस बंद पडायच्या, आणि वेगळं राज्य होणार अशी बोलवा होती. बाबा मराठीचे कट्टर, पेद्रू कोंकणीचा. एरवी ही भांडणं उंड्यांच्या टोपलीवर वाकून हसत हसत व्हायची. पण पौषाच्या सुरुवातीला एकदा बाजारात, चार माणसांत, बाबा बोलून गेले की कोंकणी बोलायला ठीक, तिच्यात लिहायचं काय? पेद्रूने सायकल उभी केली. "म्हजो पाव खातना तूं खंयचे भाशेंत खाता रे?" लोक हसले. बाबांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात पेद्रूच्या सायकलचा भोंगा वाजेना. आम्ही भाकऱ्या खाऊ लागलो, आणि बाबा त्या अशा चावायचे की जणू भाकरीच त्यांना आवडते.

आता रंगांकडे येते. मी म्हापशाच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तांबं तापवून निवत असताना त्याच्या कडेवरून रंग धावतात हे मी पाळण्यात असल्यापासून पाहत असेन. आधी नारिंगी, मग गुलाबी, जांभळा, निळा, मग रुपेरी, आणि मग सगळं काळ्यात बुडून जायचं. आमच्या घरात त्या रंगांना नावही नव्हतं. बाबांच्या दृष्टीने ती घाण होती, आतेच्या दृष्टीने काम. पण त्या वर्षी वर्गात सरांनी पातळ थरांवरचे रंग शिकवले आणि मी बाकावर जवळजवळ उठून उभी राहिले. कारण हे मी पाहिलं होतं! ऐका. तांबं तापलं की हवेतला प्राणवायू त्याला धरतो आणि वर तांब्याच्या ऑक्साइडची साय धरते. ती इतकी पातळ, की केसाच्या जाडीचे हजार पापुद्रे काढले तर त्यातल्या एखाद्याएवढी. प्रकाश आला की त्यातला थोडा सायीवरूनच परततो, आणि थोडा आत शिरून खालच्या तांब्यावरून परततो. परतीच्या वाटेवर हे दोघे भेटतात आणि त्या भेटीत एखादा रंग पुसला जातो. कुठला, ते सायीच्या जाडीवर अवलंबून. साय जाड होत जाते तसा दिसणारा रंग बदलतो. तिथे रंगाचा थेंबसुद्धा नसतो. मी संध्याकाळी बसमधून उतरून धावत घरी आले, चुलीत एक पत्र्याचा तुकडा धरला, निळा झाल्याबरोबर ओढला आणि बाबांसमोर नाचवला. बाबांनी तो बघितला, आतेकडे दिला, आणि आतेने आंबटाच्या बादलीत टाकला.

पण बाबांच्या डोक्यात तो तुकडा राहिला असणार. कारण थोड्याच दिवसांनी देवळाचे मुखत्यार आले. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणे. जत्रेला देवाच्या पालखीपुढे जो लाकडी मोर असायचा, त्याचा रंग दिवट्यांच्या आचेने दरवर्षी फुगून पापुद्रे निघायचे. भाऊंना आता धातूचा मोर हवा होता, आणि तोही रंगीत. "तुमच्याच्याने रंगाचं होत नसेल तर कोल्हापूरकडे मीनाकाम करून देतात म्हणे," भाऊ म्हणाले. हे शेवटचं वाक्य बाबांना झोंबलं. ते म्हणाले, "रंग न लावता रंगीत करून देतो." भाऊ गेल्यावर त्यांनी मला पुढच्या दालनात बोलावलं. त्या वेळी माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पणजीला जाऊन एम.एस्सी. करायचं मी मनात धरलं होतं. आणि आईच्या भावाने, माझ्या मामांनी, पेडण्याचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. शेती, बागायत, घरचं पितळेचं मोठं भांडं बाबांनीच केलेलं, नाव ठेवायला जागा नाही. बाबा मला म्हणाले, "तुझ्या भरवशावर मी भाऊंना शब्द दिलाय. मोर झाला तर पणजी. नाही झाला तर पेडणे." माझ्या आईने मधल्या दारातून विचारलं, "हा काय देवाला कौल लावताय की पोरीला?" पण बाबा बोलले की बोलले. आणि खरं सांगू? मला भीती कमी आणि आनंदच जास्त झाला. माझ्या विषयाला बाबांनी पहिल्यांदाच काम दिलं होतं.

मोराचं अंग पितळेचं, ते बाबांनी ठोकून काढलं. काय मान होती त्याची! शेपटीची पिसं तांब्याच्या पातळ पत्र्याची, एकेक वेगळं कापलेलं, मधोमध शीर उठवलेलं. रंग चढल्यावर एकावर एक चढवून खिळ्यांनी जोडायची. चुलीवर मी प्रयत्न केले आणि सगळे फसले. चुलीचा जाळ एका जागी जास्त, एका जागी कमी. एकाच पिसाचं टोक काळं आणि देठ गुलाबी. रंग पकडायला आच मंद हवी आणि सगळीकडे सारखी हवी. साय आधी भराभर वाढते, पण ती जाड झाली की तांबं आणि हवा यांच्यामधे तीच आड येते, आणि वाढ मंदावते. मंद आचेवर मग हव्या त्या रंगापाशी थांबायला सवड मिळते. अशी आच कुठे मिळेल याचा विचार करत मी ओसरीवर बसले होते, आणि समोर पेद्रूच्या भट्टीतून दुपारचे पाव निघत होते, सगळे एकसारखे बदामी. मी उठलेच. हे बाजारातल्या त्या भांडणाच्या आधीचं, म्हणून सोपं होतं. "कितें गो लता बाय, कितें हाडलां?" पेद्रूने विचारलं. मी पिसं दाखवली. "म्हज्या फोर्नांत पाव वता, तांबें न्हय," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने माझ्या हातातली परात फावड्यावर घेतलीसुद्धा.

पाव निघाल्यावर निवत चाललेली ती भट्टी म्हणजे मला हवी तीच प्रयोगशाळा होती. तिथे मी एक गोष्ट शिकले. निळा हवा असेल तर निळा दिसेपर्यंत थांबायचं नाही. जांभळा दिसला की ओढायचं. पीस बाहेर येऊन दगडावर निवेपर्यंत त्याच्या अंगातली ऊब उरलेला प्रवास करते. बरीच पिसं वाया गेली, पुन्हा घासली, पुन्हा भाजली. काहींवर माझ्याच बोटांचे ठसे उठले, कारण डोक्याला खोबरेल लावून मी त्याच हातांनी पत्रा धरत होते. तरी बाजारातल्या भांडणाच्या आधीच एक पूर्ण शेपटी जमली. नारिंगी पिसं शेपटीच्या मुळाशी, मग जांभळी, आणि कडेला निळी. थोडी डागाळलेली होती, पण होती. आम्ही ती माजघरात चादरीवर मांडून ठेवली. जत्रेच्या दिवशी सकाळी ती जोडायची आणि वरून सुतार कपाटांना देतात त्या लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्यायचा, एवढंच बाकी होतं. बाबांनी रात्री जेवताना दुसऱ्यांदा आमटी घेतली. ते खूश असले की तसं करायचे.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तेव्हा माजघरातली चादर रिकामी होती. अंगणातून खरखर आवाज येत होता. मी दारात गेले. बिंबलांच्या झाडाखाली आते पाटावर बसली होती, पदर खोचलेला, आणि तिच्या बाजूला उन्हात शेवटचं पीस निथळत होतं. सगळी पिसं गुलाबी. नव्या पैशासारखी लखलखीत, कोरी, एका रंगाची. बाजूच्या बादलीतलं पाणी जरासं हिरवट झालं होतं, बस्स. देवळात जाणारं काम काळं राहिलंय असं तिला वाटलं, आणि काम आज उंबऱ्याबाहेर जाणार होतं. आजवर तिने जे कधीही चुकवलं नाही तेच तिने केलं होतं. तिला रंगाचं सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात पुरुष आणि मी बोलत राहिलो होतो, आणि ती आंबटाच्या बाजूला होती.

"आते!" मी एवढंच ओरडले.

"कितें जालें? पळय कशीं चकचकतात! देवाच्या कामाक हात लायतलीं म्हूण सकाळींच उठलीं."

बाबा आवाजाने धावत आले. त्यांनी पिसं पाहिली, आतेकडे पाहिलं, आणि खांबाला टेकून उभे राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आक्का," ते हळूच म्हणाले, "तो मळ नव्हता गो. तो रंग होता."

"रंग? मग हाताक कसो लागलो ना?" आते म्हणाली, आणि मग आमचे चेहरे बघून तिच्या हातातली चिंधी खाली पडली. तिचं तोंड इतकं उतरलं की मला माझं रडू विसरायला झालं. संध्याकाळी पालखी. भाऊ दुपारनंतर मोर न्यायला येणार. जत्रेला पेडण्याचे मामा येणार, आणि त्यांच्याबरोबर त्या स्थळाची मंडळीही. आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद होता. मराठीवाल्यांचा की कोंकणीवाल्यांचा ते आता आठवत नाही. दोन्ही बाजू आळीपाळीने करत. ट्रक थांबले होते, दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या, आणि पेद्रूची भट्टी थंड होती. ती तापलेली असती तरी काय, त्याचं आणि बाबांचं बोलणं नव्हतं.

मी एक पीस उचललं. उन्हात फिरवून बघितलं. आणि ईशान, मीरा, त्या क्षणी मला जे सुचलं ते कुठल्याही पुस्तकातल्या ओळीपेक्षा मला जास्त मोलाचं आहे. पिसावर एकही डाग नव्हता. माझी खोबरेल तेलाची बोटं, धूळ, चुलीचा धूर, सगळं आतेने काढून टाकलं होतं. रंग गेला तेव्हा तांब्याचं काहीच गेलं नव्हतं. पीस तेवढंच जाड, तेवढंच जड, शीर जागच्या जागी. साय इतकी पातळ होती की तिच्या जाण्याने काही मोडलंच नव्हतं, आणि आता नव्याने धरायला इतका स्वच्छ पत्रा मला इतके दिवस मिळाला नव्हता. मी बाबांना म्हटलं, "भट्टी मिळाली तर दुपारपर्यंत होईल. आधीपेक्षा चांगलं होईल!" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग धोतर सावरून ते आळी ओलांडून निघाले. मी मागोमाग.

पेद्रू त्याच्या ओसरीवर आरामखुर्चीत बसला होता. बाबा पायरीखाली थांबले.

"पेद्रू, फोर्न पेटय रे," बाबा म्हणाले.

"आयज बंद न्हय?"

"असूं दी बंद. देवाचो मोर नागडो जालो."

पेद्रूच्या ओठांच्या कडा हलल्या. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि तो असा हसला की आरामखुर्ची करकरली. "कोणें केलो?" आतेने, मी म्हटलं. "सुंदरीन? तर मागीर तो नितळ आसतलो!" तो उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि लाकडांकडे गेला. भाषेचं नाव त्या दिवशी दोघांनीही काढलं नाही.

भट्टी तापायला वेळ लागतो, आणि बंदच्या दिवशी सगळ्या गावावर एकच धूर दिसतो. व्हायचं तेच झालं. बंद पाळायला फिरणारी पाचसहा पोरं सायकलींवरून आळीत शिरली. त्यांच्यातला पुढचा ओरडला, "ए पेद्रू, धुंवर कसलो? बंद आसतना पाव भाजता?"

पेद्रू निखारे ओढत होता. मान न वळवता तो म्हणाला, "पाव न्हय रे पुता, मोर भाजतां!"

"कितें?"

"मोर. तांब्याचो. पळोवंक जाय जाल्यार भितर येयात, पूण उजवाड आडावूं नाकात."

पोरं उजेड सोडून बाजूने आत आली, ती चेष्टा करायलाच. पण तोवर पहिली परात आत गेली होती. पेद्रूने आच पारखायला मूठभर पीठ तळावर टाकून त्याचा रंग पाहिला होता, मी डोळे बारीक करून तोंडाशी वाकले होते, आणि बाबा चिमटा घेऊन दगडापाशी उभे होते. आत पिसं आधी नुसती मळकट झाली. मग कडेने नारिंगी आला. एक पोरगा म्हणाला, "पेटलें काय तें?" नारिंगीतून गुलाबी, गुलाबीतून जांभळा, एखादी लाट वाळूवरून सरकते तसा. "ओडूं?" पेद्रूने विचारलं. "थांब!" "ओडूं गो?" "थांब, थांब... ओढ!" फावडं बाहेर आलं, बाबांनी चिमट्याने पीस दगडावर ठेवलं, आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जांभळा निळा झाला. अख्खा. एक डाग नाही. आळीत कुणीतरी शिट्टी मारली. सायकली बाहेर भिंतीला टेकवून ती पोरं मग शेवटपर्यंत तिथेच थांबली. ओली पोती आणायला, परात धरायला त्यांच्यात भांडणं लागली. अर्धी कोंकणीची होती, अर्धी मराठीची, आणि सगळी "ओढ!" म्हणायला टपलेली. मी त्यांना दोनदा गप्प केलं, कारण त्यांनी दोन पिसं लवकर ओढायला लावली आणि ती गुलाबीच राहिली. ती आम्ही शेपटीच्या मुळाशी वापरली.

मध्येच आते आली. ती बराच वेळ दारात उभी होती. बाबांनी तिला हात धरून पुढे आणलं आणि एक निळं पीस तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने ते नाकाशी नेलं, वास घेतला, अंगठ्याने घासून पाहिलं. "सुटना," ती म्हणाली. "सुटायला हवं तर तुझंच आंबट हवं," बाबा म्हणाले, "पण आज त्या बादलीला हात लावशील तर बघ!" आते आता हसली. आणि लगेच म्हणाली, "म्हणजे हांवें घासलीं म्हूण आतां बरीं जालीं न्हय?" ते तर खरंच होतं. पुढे मरेपर्यंत ती हे प्रत्येकाला सांगायची, आणि मी दरवेळी मान डोलवायचे. बाबा मात्र बराच वेळ एक पीस उजेडात इकडेतिकडे कलवत राहिले. कोन बदलला की निळ्यात जांभळी झाक यायची. "जन्मभर हे मी बादलीत बुडवत आलो," ते स्वतःशीच म्हणाले.

भाऊ आले तेव्हा पिसं जोडून, लाखेचा हात सुकून मोर ओसरीवर उभा होता. भाऊंनी पहिलं काय केलं असेल? ओल्या रुमालाने एक पीस घासलं. रुमाल कोराच. मग नखाने. "हा कसला रंग म्हणायचा?" बाबा म्हणाले, "रंग नाहीच तो. तांबंच आहे." आणि माझ्याकडे बोट करून, "कसं ते हिला विचारा. ती शिकलेली आहे." संध्याकाळी पालखीपुढे दिवट्यांच्या उजेडात तो मोर चालला तेव्हा आच लागून काही फुगलं नाही की सुटलं नाही, ज्वाळा हलली की शेपटीवर रंग हलायचे, आणि लोक मागे वळून वळून बघत होते. खाज्यांच्या दुकानांपाशी मामा भेटले, पेडण्याची मंडळी दोन पावलं मागे उभी होती. मामा काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "लता पणजीला जाते. दोन वर्षं तिचं नाव काढू नका." मामा म्हणाले, "दोन वर्षं कोण थांबणार?" बाबा म्हणाले, "नका थांबू." मी त्या वेळी तोंडात खाजं कोंबलं, नाहीतर मोठ्याने हसले असते. (तुमचे आजोबाही पेडण्याचेच निघाले, पण ते हे स्थळ नव्हे. ते मला पणजीला भेटले, आणि ती गोष्ट त्यांनी स्वतः लिहावी.)

त्याच उन्हाळ्यात गोवा वेगळं राज्य झालं आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात मी पणजीला शिकायला गेले. धातूवरचे पातळ थर हाच पुढे माझा विषय झाला. मोठ्या यंत्रांनी मी ते मोजले, त्यावर लिहिलं, पोरापोरींना शिकवलं. पण यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बघताना मला कधी तितका दम लागला नाही, जितका फोर्नच्या तोंडाशी "थांब, थांब" म्हणताना लागला होता.

पेद्रू गेला, त्याची मुलं परदेशी गेली, आणि फोर्नच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. आमच्या घराच्या पुढच्या भागात माझा भाऊ अजून समया करतो, हातोडी कमी आणि यंत्र जास्त. मोर देवळात आहे. मागच्या जत्रेला मी त्याला जवळून पाहून आले. लाखेचा थर कधीच झिजला, समुद्राकडची ओली हवा आणि दिवट्यांचा धूर यांनी साय वाढत वाढत गेली, आणि वरची पिसं आता तपकिरी, काही तर जवळजवळ काळी झाली आहेत. पुजाऱ्यांना विचारून मी शेपटीचं एक पीस बोटाने जरा उचललं. जिथे एक पीस दुसऱ्यावर चढलेलं आहे, जिथे हवा नीट पोचत नाही, तिथे बोटभर रुंदीची पट्टी अजून निळी आहे.